गाड्या किती लावायच्या, हे सिम्युलेशनला विचारण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रोज ५,००० टन गाळपाचा साखर कारखाना, नऊ गट (ऊसक्षेत्राचे विभाग), डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, एका खेपेला सरासरी १६ टन ऊस. एक्सेलच्या सॉल्व्हरवर (दिलेल्या अटींत सर्वोत्तम उत्तर काढणारी सोय) हिशेब मांडलात तर ११८ गाड्या पुरतात असं उत्तर आलं. मागच्या हंगामात प्रत्यक्षात १५५ गाड्या होत्या. तरीही सकाळी दहा-अकराला यार्ड रिकामं होऊन मिल ‘नो केन’मध्ये, म्हणजे ऊस नाही म्हणून, थांबायची, आणि रात्री मात्र रांग फाटकाबाहेर रस्त्यावर जायची. म्हणून तुम्ही पायथनमध्ये सिमपाय ही लायब्ररी वापरून अख्ख्या हंगामाचं सिम्युलेशन (संगणकावरची नक्कल) लिहिलंत, कोणत्या गटाला किती गाड्या हे शोधायला त्याला जेनेटिक अल्गोरिदम (चांगल्या उत्तरांचा संकर करत शोधणारी पद्धत) जोडलात आणि लॅपटॉप दोन दिवस चालू ठेवलात. दर वेळी ‘सर्वोत्तम’ उत्तर वेगळंच येतंय. आता विचारताय की जेनेटिकऐवजी सिम्युलेटेड ॲनिलिंग ही दुसरी शोधपद्धत लावू का, आणि साहेबांना तयार सॉफ्टवेअर घ्यायला सांगू का.

अल्गोरिदम बदलून फार काही हाती लागणार नाही. तुमची अडचण शोधण्याच्या पद्धतीत नाहीच, आधीच्या दोन पायऱ्यांत आहे: नेमकं काय शोधायचंय, आणि गाड्यांच्या वाटपाच्या दोन आराखड्यांतला फरक खरा की नशिबाचा हे कसं ओळखायचं. सिम्युलेशन म्हणजे वजनकाटा. तो ऊस पिकवत नाही, तुम्ही समोर आणून ठेवाल त्याचं वजन तेवढं सांगतो. वर हा काटा थरथरणारा आहे, तोच माल पुन्हा ठेवला तर आकडा थोडा वेगळा दाखवतो. अशा काट्यावर हजार ढिगारे झटपट ठेवून सगळ्यात जड कुठला म्हणून विचारलं, तर प्रत्येक वेळी नवा ढिगारा जिंकणारच.

आधी सॉल्व्हर का फसला ते बघू, कारण तिथेच अर्धं उत्तर आहे. तुमच्या शीटमध्ये एका फेरीला नऊ तास धरलेत: भरणीला पाच, भरल्या गाडीच्या प्रवासाला दीड, रिकामी परत जायला एक, आणि यार्डात दीड. रोजच्या खेपा ३१२.५. त्याला ९ ने गुणून २४ ने भागलं की ११८ गाड्या. गणित बरोबर आहे. गोम आहे त्या शेवटच्या दीड तासात. यार्डातला थांबा तुम्ही हातात असलेली माहिती म्हणून भरलात, पण तो परिणाम आहे. गाड्या किती आणि त्या कधी येतात यावर तो ठरतो, आणि पुन्हा तोच थांबा गाड्या किती लागतील हे ठरवतो. असा वेढा पडला की सरासरीवर चालणारं कुठलंही मॉडेल गंडतं.

हा थांबा किती, याचा पहिला अंदाज कागदावरही निघतो. तोड दिवसाउजेडी होते, दुपारनंतर गाड्या भरून निघतात, म्हणून समजा सगळा ऊस दुपारी चार ते पहाटे चार या बारा तासांत येतो. आवक तासाला ४१७ टन, गव्हाण (ऊस मिलमध्ये नेणारा पट्टा) मात्र तासाला २०८ टनच घेते. पहाटे चारला यार्डात २,५०० टन साचलेले असतात, म्हणजे दीडशेहून जास्त गाड्या उभ्या. तिथून दुपारी चारपर्यंत तो साठा उतरत शून्यावर येतो. सरासरी साठा १,२५० टन. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की सरासरी साठा भागिले वेग म्हणजे सरासरी थांबा. तो येतो सहा तास. लक्षात घ्या, यात अजून पाऊस नाही, पंक्चर नाही, मिलचा बिघाड नाही. सगळं घड्याळाच्या काट्यावर चाललं तरी सहा तास. वजन करणं आणि गाडी खाली होणं यांचा अर्धा तास धरून फेरी चौदा तासांची होते, आणि त्याला १८३ गाड्या लागतात. तुमच्याकडे १५५ होत्या. सकाळी यार्ड का रिकामं व्हायचं ते इथेच कळतं.

आता तीच आवक बाराऐवजी अठरा तासांत पसरवून बघा. साठ्याचा शिखरबिंदू २,५०० वरून १,२५० टनांवर येतो, थांबा तीन तासांवर, फेरी अकरा तासांवर, आणि गाड्या लागतात १४४. एक ट्रॅक्टर न वाढवता १५५ गाड्यांत काम भागतं. उलट बाजूनं बघा: आवक आहे तशीच ठेवून १८३ गाड्यांचे करार केले तर वाढवलेल्या गाड्यांचा बहुतेक वेळ यार्डात उभं राहण्यातच जाईल. हा हिशेब ढोबळ आहे. भरणी दिवसाच होते हे बंधन त्यात नीट बसत नाही, गटागटांतलं अंतरही नाही. पण ‘किती गाड्या’ हा तुमचा प्रश्न मुळात ‘गाड्या कधी’ असा विचारायला हवा होता, एवढं तो स्पष्ट दाखवतो. सिम्युलेशन चालवण्याआधी असा अर्ध्या पानाचा हिशेब मी नेहमी करतो. पुढे मॉडेलनं थांबा दोन तास किंवा वीस तास दाखवला, तर कोडमध्ये घोळ आहे हे लगेच कळतं.

आवक पसरवायची कशी, हे तुमच्या भागावर अवलंबून आहे. हार्वेस्टर असतील तर ते दिवे लावून रात्री चालतात. फक्त ऊसतोड मजुरांच्या टोळ्या असतील तर काही गटांत संध्याकाळी तोडून मोळ्या फडातच ठेवायच्या आणि पहाटे भरायच्या, असं करता येतं. शेतकी विभागातले लोक यावर पहिली हरकत घेतील की ऊस वाळेल. हरकत रास्त आहे, पण तो ऊस आत्ताही यार्डात सहा तास वाळतोच आहे. फडात वाळताना त्याच्याखाली एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि एक ड्रायव्हर अडकून पडत नाहीत, एवढा फरक. म्हणून मॉडेलमध्ये उसाचं वय यार्डाच्या फाटकापासून मोजू नका, कोयता लागल्यापासून मोजा. तोडल्या वेळेची नोंद बहुतेक ठिकाणी नसते. चिटबॉयला (फडातली नोंद ठेवणारा कर्मचारी) खेपेच्या चिठ्ठीवर तोड सुरू झाल्याची वेळ लिहायला सांगा. ती अर्ध्या तासानं चुकली तरी चालेल.

यातून आपण ‘चांगलं म्हणजे काय’ या प्रश्नाशी येतो. तुमच्या कोडमध्ये फक्त मिल बंदचे तास कमी करायचे आहेत. तसं केलं की यंत्र एकच सल्ला देणार: यार्ड कायम भरलेलं ठेवा, गाड्या वाढवा. त्याच्या बाजूनं ते बरोबर आहे, कारण रांगेत उभं राहण्याची किंमत तुम्ही शून्य लावलीत. किमान तीन गोष्टी एका सूत्रात रुपयांत आणा. मिल बंद राहिल्याच्या तासाला किती नुकसान, हे चीफ इंजिनिअरकडून घ्या. न गाळलेला ऊस पुढे ढकलला जातो, वाया जात नाही, त्यामुळे संपूर्ण उत्पादनाची किंमत लावू नका. वाफ, बगॅस (उसाचं चिपाड), वीजनिर्मितीचा तोटा आणि हंगाम लांबण्याचा खर्च एवढंच धरा. दुसरी गोष्ट उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते ते. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक फुटत जाते आणि उन्हाळ्यात हे डिसेंबरपेक्षा वेगानं होतं, म्हणून हा दंड महिन्यागणिक वेगळा हवा. उतारा एक दशांश टक्क्यानं घसरला तर ५,००० टनांवर रोज ५ टन साखर जाते. २०१९ मध्ये ठरलेला ३१ रुपये किलो हा किमान विक्री दर धरला तरी दिवसाला १ लाख ५५ हजार रुपये. एफआरपी (केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) उताऱ्याला बांधलेली आहे, त्यामुळे झळ शेवटी शेतकऱ्यापर्यंत जाते.

तिसरी गोष्ट कारखान्याच्या वहीत कुठेच दिसत नाही: गाडीवाल्याचा आणि टोळीचा वेळ. दोघांनाही पैसे टनावर मिळतात, त्यामुळे रात्रभर रांगेत उभं राहण्याचा भार त्यांच्यावर पडतो आणि कारखान्याला तो फुकट वाटतो. रिकामी गाडी फडात परत आली नाही की टोळी बसून राहते. बीड-नगरकडून आलेल्या जोडप्याचा एक कोयता म्हणजे दोन माणसांची मजुरी, आणि दिवसाची एक खेप बुडाली की उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटायला तेवढा उशीर. माझा आग्रह असा की हा खर्च कमी-जास्त कसाही धरा, पण सूत्रात घाला. तो घातला की ‘सर्वोत्तम’ गाड्यांचा आकडा खाली येतो. आणि जो आराखडा कागदावर स्वस्त पण गाडीवाल्याला महाग असतो, तो जानेवारीत मोडतो, कारण गाड्या शेजारच्या कारखान्याकडे वळतात.

मॉडेलला काय खायला घालताय तेही तपासा. वजनकाट्याच्या पावतीवर भरल्या वजनाची आणि रिकाम्या वजनाची अशा दोन वेळा असतात. त्यांच्यातला फरक म्हणजे काट्यानंतरची रांग अधिक गाडी खाली होण्याचा वेळ. फाटकावरच्या थांब्यासाठी नंबर टेकरची (आलेल्या गाड्यांचे नंबर लिहिणारा कर्मचारी) नोंद लागते. आणि ती सांभाळून वापरा. रात्री रांग लांबली की नंबर टेकर पंचवीस-तीस गाड्यांचे नंबर एकदम लिहून काढतो, सगळ्यांपुढे एकच वेळ. ती वेळ गाडी आल्याची नसते, त्याला सवड झाल्याची असते. तशीच नोंद वापरलीत तर मॉडेलमध्ये गाड्या घोळक्यानं येतील आणि रांगेचा आकार बिघडेल. असे झुबके दिसले तर ते नंबर मागच्या मोकळ्या वेळात पसरून द्या. ज्या ट्रॅक्टरला जीपीएस असेल त्याच्याशी ताडून बघता आलं तर आणखी चांगलं. भरणीच्या वेळेला सरळ नॉर्मल वितरण (सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखा पसरणारा घंटेचा आकार) लावू नका. खऱ्या वेळेची शेपटी उजवीकडे लांब असते, आणि नॉर्मलमधून डावीकडे कधीतरी उणे वेळ निघते. मागच्या हंगामातले खरे आकडेच चिठ्ठ्यांसारखे उचलत राहिलात तरी काम होतं.

याहून मोठी चूक तुमच्या कोडच्या वर्णनात दिसते. नऊ गटांना तुम्ही नऊ स्वतंत्र यादृच्छिक (रँडम) विलंब दिलेत. स्वतंत्र दिले की एका गटाचा उशीर दुसऱ्याच्या लवकर येण्यानं भरून निघतो आणि आवक आहे त्यापेक्षा गुळगुळीत दिसते. खऱ्या जगात अवकाळी पाऊस एका गटावर पडून थांबत नाही. काळ्या रानात ट्रॉली रुतते, आणि एकदम चार-पाच गटांची आवक दोन-तीन दिवस बंद होते. सणाच्या आदल्या दिवशी सगळ्याच टोळ्या लवकर सुटतात. मिल बंद पडण्याचे बहुतेक तास अशाच दिवसांत असतात. त्यामुळे हवामानाचा एक सामाईक धागा काढा: दिवस कोरडा की ओला हे संपूर्ण क्षेत्रासाठी एकदाच ठरवा आणि त्यावरून प्रत्येक गटाचा विलंब काढा. एवढा एक बदल केल्यावर सगळे आराखडे वाईट दिसू लागतील. घाबरू नका, आता ते खरे दिसताहेत.

मग पडताळणी. मागच्या हंगामाच्या गाड्या, टोळ्या आणि पावसाचे दिवस जसेच्या तसे भरून मॉडेल चालवा, आणि तासागणिक रांगेचा आलेख प्रत्यक्षाशी लावून बघा. हंगामाची एकूण सरासरी जुळली यावर समाधान मानू नका, ती चुकीच्या कारणांनीही जुळते. मिलमध्ये मोठा बिघाड झाला त्या दिवशीची रांग आणि पावसानंतरचा पहिला दिवस, हे दोन्ही जुळले तर मॉडेलवर विश्वास ठेवायला हरकत नाही. पाठ्यपुस्तकात सुरुवातीचा ‘वॉर्म-अप’ काळ टाकून द्या असं लिहिलेलं असतं. इथे तसं करू नका. मोळी टाकल्यापासूनचे (गाळप सुरू झाल्यापासूनचे) पहिले काही दिवस, टोळ्या अर्ध्याच आलेल्या असतात तो काळ, हा हंगामाचाच भाग आहे आणि पैसेही त्यात जातातच.

आता दर वेळी उत्तर बदलतं त्याबद्दल. एक रन म्हणजे एक काल्पनिक हंगाम. तुमच्या पोस्टमधल्या आकड्यांवरून, एकच आराखडा वेगवेगळ्या सीडनी (यादृच्छिक आकड्यांची मालिका ज्यावरून सुरू होते तो आकडा) चालवल्यावर बंद तासांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार, साधारण १२ तास आहे. दोन आराखडे एकेकदा चालवून वजाबाकी केली तर त्या फरकाचं विचलन १७ तास होतं. खरा फरक ५ तासांचा असेल तर एकेका रनमधून तो दिसणं निव्वळ योगायोग. रन वाढवले की चूक कमी होते, पण वर्गमुळाच्या गतीनं. चूक निम्मी करायला चौपट रन लागतात.

यावर स्वस्तातला उपाय आहे आणि तो मी प्रत्येक कामात वापरतो: दोन्ही आराखड्यांना तोच हंगाम द्यायचा. तोच पाऊस, मिलचे तेच बिघाड, त्याच टोळ्या गैरहजर. निकालांत ०.९ इतका सहसंबंध मिळाला तर फरकाचं विचलन १७ वरून साधारण साडेपाच तासांवर येतं, म्हणजे तेवढ्याच खात्रीसाठी रन एक दशांश पुरतात. मात्र सुरुवातीला एकदाच सीड दिला म्हणजे हे झालं असं समजू नका. दुसऱ्या आराखड्यात एक गाडी जास्त असली की ती एक यादृच्छिक आकडा जास्त उचलते, तिथून पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकतात, आणि पहिल्या आराखड्यात १२ जानेवारीला झालेला बिघाड दुसऱ्यात फेब्रुवारीत जातो. म्हणून पाऊस आणि मिलचे बिघाड संपूर्ण हंगामासाठी आधीच काढून यादीत ठेवा. प्रत्येक गाडीला आणि प्रत्येक टोळीला यादृच्छिक आकड्यांचा स्वतःचा वेगळा प्रवाह द्या. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत त्यासाठी सीड-सिक्वेन्सची सोय आहे, एका मूळ सीडपासून हवे तितके स्वतंत्र प्रवाह फुटतात. दोन तासांचं काम आहे.

आता शोधाकडे. नऊ गट, प्रत्येकाला ० ते ४० गाड्या, म्हणजे ४१ चा नववा घात: ३ वर चौदा शून्यं. तुमचा एक रन २० सेकंदांचा. सगळे तपासायला वीस कोटी वर्षं. दोन दिवसांत लॅपटॉपनं फार तर ८,६४० रन केले असतील. प्रत्येक आराखड्याला तीस रन दिले असते तर २८८ आराखडे. एवढ्या मोठ्या रानात २८८ ठिकाणी खणून खजिना सापडत नाही, खणणारा कोणताही असो.

सिम्युलेटेड ॲनिलिंगचं म्हणाल तर कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेकी यांनी १९८३ मध्ये ती पद्धत मांडली ती संगणकाच्या चिपवरचे भाग कुठे ठेवायचे अशा प्रश्नांसाठी. तिथे एखादी मांडणी दिली की तारांची लांबी अचूक मोजता येते, कितीदाही मोजा तेवढीच. पद्धत मुद्दाम कधीकधी वाईट पाऊल स्वीकारते आणि ‘तापमान’ उतरवत ते कमी करत नेते. तुमच्याकडे मोजमापातच गोंगाट (काट्याची ती थरथर) असल्यानं वाईट पावलं न विचारता स्वीकारली जातात, आणि तापमान कितीही उतरवलं तरी ती थांबत नाहीत. प्रत्येक पावलाला पुरेसे रन दिले तर पद्धत चालते, पण तेवढे रन तुमच्याकडे नाहीत.

त्यापेक्षा रान छोटं करा. गटवार गाड्यांचे नऊ आकडे शोधण्याऐवजी गाड्या वाटण्याचा नियम शोधा. नाहीतरी शेतकी अधिकारी हंगामभर एकच वाटप धरून बसत नाहीत, रोज संध्याकाळी यार्ड बघून उद्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या कमी-जास्त करतात. तोच नियम चार खुंट्यांत बांधा. यार्डातला साठा किती टनांखाली गेला की चिठ्ठ्या वाढवायच्या. जवळच्या गटांच्या किती गाड्या सकाळच्या तुटवड्यासाठी राखून ठेवायच्या. किती टक्के ऊस संध्याकाळी तोडून पहाटे भरायचा. आणि एकूण गाड्या किती. प्रत्येक खुंटीला पाच पायऱ्या, एकूण ६२५ आराखडे. सगळ्यांना पाच-पाच रन द्या, ते झाले ३,१२५. त्यातले वरचे वीस घेऊन तीस-तीस रन, म्हणजे ६००. शेवटी तीन निवडून प्रत्येकाला नवे २०० हंगाम द्या, आणखी ६००. एकूण ४,३२५ रन, तुमच्या लॅपटॉपवर एक दिवस. जेनेटिक नाही, ॲनिलिंग नाही.

शेवटच्या फेरीत ‘नवे’ हंगाम म्हटलं त्याला कारण आहे. समजा हजार आराखडे खरंतर अगदी सारखेच आहेत, विचलन तेच १२ तास, आणि प्रत्येकाला स्वतंत्र सीडनं एकेक रन दिला. त्यातला सगळ्यात भाग्यवान आराखडा सरासरीपेक्षा जवळपास ३९ तासांनी चांगला दिसेल. काहीही चांगलं नसताना. तोच आकडा साहेबांच्या सादरीकरणात गेला की पुढच्या हंगामात तोंड लपवायची वेळ येते. ज्या रननी आराखडा निवडला, त्याच रनचा निकाल त्याचं भाकीत म्हणून कधीही सांगू नका.

इथवरचं थोडक्यात सांगतो: थांबा गृहीत धरू नका, मोजा. किमतीच्या सूत्रात गाडीवाला आणि उतारा दोन्ही आणा. पाऊस सगळ्यांवर एकदम पाडा. सगळ्या आराखड्यांना तोच हंगाम द्या. आकडे न शोधता नियम शोधा, आणि विजेत्याची परीक्षा नव्या हंगामांवर घ्या.

जिंकलेल्या तीन आराखड्यांतून एक निवडताना मी सगळ्यात कमी खर्चाचा डोळे झाकून घेत नाही. प्रत्येक खुंटी एक पायरी इकडे-तिकडे करून बघतो. साठ्याची मर्यादा १,००० टनांऐवजी १,२०० ठेवली की खर्च उसळत असेल, तर तो आराखडा प्रत्यक्षात टिकणार नाही. चिठ्ठी पोचायला उशीर होतो, मुकादम उचल घेऊन निम्मेच कोयते आणतो, ट्रॅक्टरचा रोटाव्हेटरचा हंगाम लागला की तो दोन दिवस गायब. थोडा महाग पण सपाट जागेवरचा आराखडा घ्यावा. टोळ्या वीस टक्के कमी आल्या तर काय, हा रन वेगळा करून ठेवा. संचालक मंडळात तो प्रश्न हमखास येतो.

आणखी एक सावधगिरी. यंत्र मॉडेलमधली पळवाट शोधण्यात वस्ताद असतं. एका कारखान्याच्या कामात शोधानं फार देखणं उत्तर दिलं होतं: दोन लांबच्या गटांना मार्चपर्यंत जवळपास गाडीच नाही. खर्च कमी, रांग कमी, सगळं छान. कारण मॉडेलमध्ये नोंदीचा (कारखान्याकडे आधी नोंदवलेला) ऊस फडात उभा राहिला तर दंडच नव्हता. शेतकी अधिकाऱ्यांनी आराखडा बघितला आणि फक्त त्या गटांतल्या आडसाली (आधी लावलेल्या, म्हणून आधी तोडाव्या लागणाऱ्या) लागणीच्या तारखा वाचून दाखवल्या. त्यानंतर लागण तारखेप्रमाणे तोडीचा क्रम हे बंधन म्हणून आत गेलं. तेव्हा तुमचं पहिलं ‘सर्वोत्तम’ उत्तर कॉम्प्युटरवाल्याला दाखवण्याआधी एखाद्या जुन्या गट अधिकाऱ्याला दाखवा, आणि तो हसला तर का हसला ते विचारा.

हे सगळं प्रत्येक प्रश्नाला लागत नाही. कोणत्या प्लॉटची तोड कोणत्या आठवड्यात, एवढंच ठरवायचं असेल तर सॉल्व्हरच योग्य आहे. तिथे रांग नाही, वेढा नाही, उत्तर अचूक आणि झटपट मिळतं. माझ्या कामात दोन्ही जोडीनं चालतात: आठवड्याचा आराखडा सॉल्व्हर काढतो, आणि तो चोवीस तासांच्या यार्डात टिकतो का ते सिम्युलेशन बघतं. आसपास चार कारखाने असतील आणि ऊस पळवापळवी चालत असेल तर मात्र दोन्हींच्या आधी नोंदीतला किती ऊस खरोखर तुमच्याकडे येणार याचा अंदाज लागतो. त्या अनिश्चिततेपुढे गाड्यांचा प्रश्न किरकोळ ठरू शकतो.

राहिला सॉफ्टवेअरचा प्रश्न. अरीना किंवा एनीलॉजिक ही तयार सिम्युलेशन सॉफ्टवेअर घेतली तर त्यात ऑप्टक्वेस्ट नावाचा शोधक जोडलेला मिळतो, आणि गोंगाट लक्षात घेऊन रन वाढवण्याची सोयही त्यात असते. पण वर सांगितलेलं कुठलंच काम तो तुमच्यासाठी करत नाही. किमतीचं सूत्र, पाऊस, नंबर टेकरची वही हे तुम्हालाच बघावं लागतं. एका यार्डासाठी सिमपाय पुरेसं आहे. विकत घेण्यासारखी एकच गोष्ट त्यात आहे, ती म्हणजे चलचित्र. आलेख दाखवला की मंडळी चहा मागवतात, पण पडद्यावर आपल्याच यार्डात गाड्या तुंबताना दिसल्या की खुर्च्या पुढे सरकतात. तेवढ्यासाठी आधी चाचणी आवृत्ती वापरून बघा, परवान्याचं नंतर ठरवता येईल.